निन्टेंडो स्विच या गेम कन्सोलची ३२ जीबी आयसी (मेमरीची चिप) काढून २५६ ची टाकून घेऊ का? बेळगावात कोणी केलंय का?

खानापूरकरीण:

नमस्कार मंडळी, जरा लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट उत्तर मिळणार नाही म्हणून.

आमच्याकडे निन्टेंडो स्विच आहे, पहिलं मॉडेल, मागे एचएसी-००१ असं छापलंय. मावसभाऊ दुबईला असतो, लॉकडाऊनच्या आधी त्याने पाठवलेला. आत ३२ जीबी, त्यातली सिस्टीमची जागा गेली की हातात २६ पण पुरते येत नाहीत आणि हल्ली एकेक गेम १५-१६ जीबीचा. म्हणजे धाकट्या भावाने एक गेम उतरवला की दुसरा काढायचा, मग आठवड्याने परत तोच उतरवायचा, आणि खानापूरला पावसात नेटची काय अवस्था असते ते इथल्यांना सांगायला नको. रोज भांडणं.

आता बेळगावात एका दुकानात विचारलं (नाव घेत नाही), तर तो म्हणाला आतली आयसी काढून २५६ ची टाकतो, दोन तासांचं काम, वर जेलब्रेक करून (कंपनीचं लॉक तोडून) गेम पण भरून देतो. मी विचारलं आतल्या डेटाचं काय, तर म्हणे "तो जाणारच की, सगळं नवीन भरून देतो ना". माझा जीव तिथंच अडकलाय. माझं ॲनिमल क्रॉसिंग या गेममधलं बेट २०२० पासूनचं आहे, आजी होती तेव्हा तिच्या नावाचं एक घर त्यात केलंय, तिने स्वतः रंग निवडलेले. ते गेलेलं मला अजिबात चालणार नाही.

भाऊ म्हणायलाय की त्याने व्हिडिओत बघितलंय, एक जण घरीच स्क्रू काढून मेमरी बदलतो, सोल्डरिंग पण नाही, मग आपणच का नाही करायचं.

तर प्रश्न असे की आयसी बदलता येते का खरंच? डेटा राहतो का? आणि नुसतं मेमरी कार्ड टाकून भागत असेल तर दुकानवाला "कार्डवर गेम अडकतात" का म्हणाला? ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी प्लीज सांगा.

चिकोडीचा_ईसी:

ताई, आधी एक काम कर, त्या दुकानात स्विच देऊ नको. बाकीचं नंतर.

मी इलेक्ट्रॉनिक्सला आहे आणि या स्विचवर बरंच वाचलंय म्हणून सांगतो. आत जी ईएमएमसी (म्हणजे तीच मेमरीची आयसी) आहे तिच्यावरचा डेटा एन्क्रिप्ट केलेला (कुलूपबंद) असतो, आणि त्याच्या कीज (किल्ल्या) त्याच कन्सोलच्या प्रोसेसरवरून तयार होतात. तुझ्या स्विचच्या कीज तुझ्याच टेग्रा चिपला (म्हणजे प्रोसेसरला) माहीत, दुसऱ्या कुठल्याच स्विचला नाहीत. म्हणून कोरी आयसी लावली तर स्क्रीन काळीच राहणार, आणि दुसऱ्या स्विचमधली चालू आयसी काढून लावली तरी तेच. गेम, फोटो हे तर सोडच, आत प्रॉडइन्फो नावाचं एक छोटं पार्टिशन (मेमरीचा वेगळा भाग) असतं, त्यात त्या कन्सोलचं सर्टिफिकेट, सिरीयल, सेन्सरचं कॅलिब्रेशन असलं सगळं असतं. ते गेलं आणि बॅकअप नसेल तर तो स्विच परत कधी पहिल्यासारखा होत नाही. म्हणजे "डेटा जाणारच की" असं जो माणूस सहज बोलतो त्याला हे पार्टिशन काय आहे तेच माहीत नाही असं मला वाटतं.

जेलब्रेकचं पण सांगतो. असले भरलेले गेम घेऊन ऑनलाईन गेलीस की निन्टेंडो कन्सोलच बॅन करते. मग ऑनलाईन खेळणं बंद, निन्टेंडोचं ऑनलाईन दुकान बंद, विकत घेतलेले गेम परत उतरवता येत नाहीत. आणि ज्यांनी तीन-चार वर्षं राबून तो गेम केला त्यांचा पैसा आपण का बुडवायचा, हे माझं स्वतःचं मत, पण मला ते महत्त्वाचं वाटतं.

२०१८ च्या मध्यापर्यंत बनलेल्या स्विचमध्ये टेग्राच्या बूटरॉममध्ये (चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्राम) एक दोष आहे, त्यातून आतल्या मेमरीची पूर्ण कॉपी काढता येते, कीज पण मिळतात. तो दोष सॉफ्टवेअर अपडेटने जात नाही कारण बूटरॉम चिपमध्येच पक्का झालेला असतो. तुझा त्यातला आहे का ते सिरीयल नंबरवरून कळतं. पण सिरीयल इथं टाकू नको.

हॉटएअर_टिळकवाडी:

मी मोबाईल रिपेरिंगच करतो, टिळकवाडीत. दुकानाचं नाव देत नाही, इथं जाहिरात करायला आलेलो नाही. स्विचची आयसी बदललीय, म्हणून जे हाताने केलंय तेच सांगतो.

पहिली गोष्ट, तुमचं मॉडेल त्यातल्या त्यात बरं आहे. एचएसी-००१ मध्ये ईएमएमसी मेन बोर्डवर नसते, एका छोट्या वेगळ्या पट्टीवर असते, आणि ती पट्टी कनेक्टरने बोर्डात बसते. म्हणजे हॉट एअर (गरम हवेची गन) मारताना प्रोसेसर आणि रॅम लांब राहतात, पट्टी बाहेर टेबलावर घेऊन काम करता येतं. स्विच लाईटमध्ये (स्विचचं छोटं मॉडेल) तसं नाही, तिथं आयसी मेन बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथं गरमी थोडी इकडंतिकडं झाली की शेजारचं सगळं हलतं. लाईट कोणी घेऊन आलं तर मी आधी सरळ नाहीच म्हणतो.

आता आयसी. ही बीजीए १५३, म्हणजे पोटाखाली सोल्डरचे १५३ गोळे. जुन्या फोनमध्ये पण हीच जात असायची, त्यामुळं मोबाईलवाल्याला वाटतं की आपल्याला येतंय. आणि सोल्डरिंगपुरतं खरंच येतं. कंपनीचं सोल्डर बिनशिशाचं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं, शिशाचं १८३ ला. जुनी काढायची, पॅड (गोळे चिकटतात त्या बोर्डावरच्या टिकल्या) विकने (सोल्डर शोषणारी तांब्याची जाळी) साफ करायचे, नवीन रीबॉल करून (नवे गोळे लावून) बसवायची. हात बसला की अर्ध्या तासाचं काम. पण हे सगळ्यात सोपं काम आहे, खरी गोम पुढं आहे.

ईएमएमसीत मेमरी एकसंध नसते. बूट-झिरो आणि बूट-वन असे दोन छोटे भाग चिपमध्येच वेगळे असतात, स्विचला ते ४-४ एमबीचे लागतात, आणि मग मोठा यूजर एरिया. जुन्या आयसीची कॉपी काढताना हे तिन्ही वेगवेगळे वाचावे लागतात आणि नव्या आयसीवर तिन्ही वेगवेगळे लिहावे लागतात. बॉक्सला (आयसी वाचायच्या मशीनला) आयसी लावून नुसता यूजर एरिया वाचला, २९ जीबीची फाईल आली, माणूस खूष. बूटचे दोन भाग राहिले. जुनी आयसी ड्रॉवरमध्ये असली तर वाचलात, तिच्यावर आधीच कोणी इरेज मारला असेल तर संपलं. सीपीयू चांगला, आयसी चांगली, सोल्डर चांगला, आणि स्विच डेड. अशी केस माझ्याकडे आलीय, दुसरीकडून काम करून, आणि मला ती तशीच परत द्यावी लागली. त्या पोराचा चेहरा बघवत नव्हता.

आता समजा तिन्ही नीट उतरवले. तर नव्या २५६ वर काय दिसणार? तेच ३२. कारण पार्टिशन टेबल (कुठला भाग केवढा त्याची यादी) जुन्या आयसीचीच कॉपी होऊन आली, तिच्यात जेवढं लिहिलंय तेवढंच सिस्टीम वापरते, उरलेले सव्वादोनशे जीबी नुसते पडून. ती जागा वापरात आणायची तर यूजर पार्टिशन (गेम आणि सेव्ह राहतात तो भाग) मोठं करून परत बनवायचं, आणि ते एन्क्रिप्टेड, म्हणजे त्या कन्सोलच्या कीज पाहिजेत. चिकोडीच्या भावाने म्हटलं तसं जुन्या लॉटचा असेल तर कीज मिळतात, नंतरच्या लॉटमध्ये वेगळी चिप सोल्डर करण्यापर्यंत गोष्ट जाते. दोन तासांत २५६ करून देतो म्हणणाऱ्याला एवढं एकच विचारा, "यूजर पार्टिशन कसं वाढवता?" काय उत्तर देतो बघा.

अजून एक, आयसी कुठून आणतो ते विचारा. बाजारात फिरणाऱ्या निम्म्याहून जास्त आयसी डेड फोनमधून काढलेल्या असतात असं माझं बघणं आहे. ईएमएमसी ५.० पासून पुढच्या चिपमध्ये आयुष्याचा अंदाज चिप स्वतःच सांगते, बॉक्सला लावली की हेल्थमध्ये दिसतो. ०१ म्हणजे १० टक्क्यांपर्यंत वापरलेली, ०२ म्हणजे १० ते २०, असं करत ०ए म्हणजे ९० ते १००, आणि ०बी आलं तर चिपचं ठरलेलं आयुष्य उलटून गेलं. गिऱ्हाइकाला ती स्क्रीन दाखवायला काहीच हरकत नसते, मी दाखवतो. जो दाखवत नाही त्याच्याकडं करू नका.

आणि आपल्या भागाचं म्हणून सांगतो, पावसाळ्यात हे काम घाईने करायचंच नाही. आयसी उघडी पडलेली असली की हवेतला ओलावा आत शिरतो, तशीच हॉट एअरखाली धरली की आतलं पाणी वाफ होऊन प्लास्टिक फुगतं, कधी कधी बारीक टक् असा आवाज येतो, आणि ती गेली. आधी १२५ अंशांवर काही तास शेकून कोरडी करावी लागते. तुमच्या खानापूरकडं जून ते सप्टेंबर भिंतीला पण घाम येतो, तिथून आलेली सुटी आयसी मी शेकल्याशिवाय धरत नाही. आणि कॉपी चालू असताना हेस्कॉमची लाईट गेली तर? यूपीएसवर पाहिजे सगळं. वाचताना गेली तर परत वाचता येतं, लिहिताना गेली तर परत पहिल्यापासून.

तुम्हाला हे करायची गरज आहे का? माझ्या मते नाही. आयसी बदलणं मी तेव्हाच सांगतो जेव्हा जुनी मरायला टेकलीय, म्हणजे स्विच चालू होताना मध्येच अडकतो, गेम उघडताना डेटा खराब आहे म्हणतो, तेच तेच परत उतरवलं तरी बिघडतो. तेव्हा वाचता येतंय तोवर कॉपी काढून नवीन टाकणं हाच इलाज. जागा कमी पडते म्हणून धडधाकट आयसी उपटायची नाही.

खानापूरकरीण:

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. दुकानात फोन करून तुमचा प्रश्न विचारला, "यूजर पार्टिशन कसं वाढवता", तर तो म्हणाला "ते आमच्यावर सोडा". म्हणजे विषय संपला, तिथं देत नाही.

पण मग भावाने बघितलेला व्हिडिओ कसला? तो शपथेवर सांगायलाय की हातात धरायचाच गेम होता, मागचं कव्हर काढलं, एक छोटी पट्टी काढली, दुसरी बसवली, झालं. आणि दादांनी पण लिहिलंय की आमच्यात पट्टीच असते.

संकेश्वरी_मिरची:

तुझ्या भावाने स्टीम डेक (असाच हातात धरायचा दुसरा गेम कन्सोल) बघितला असणार. माझ्याकडं ६४ जीबीवाला डेक आहे आणि मी ते काम घरी केलंय, म्हणून दोन्हीतला फरक सांगतो, कारण खूप जण डेकचा व्हिडिओ बघून स्विच उघडायला जातात.

डेक २०२२ च्या फेब्रुवारीत आला तेव्हा सगळ्यात स्वस्त मॉडेल ६४ जीबीचं होतं, आणि त्यातली ईएमएमसी पण पट्टीवरच, पण ती पट्टी म्हणजे सरळ एम.२ २२३० साईझचं कार्ड, लॅपटॉपच्या एसएसडीच्या स्लॉटमध्ये बसलेलं. तिथं तू कुठलीही २२३० साईझची एनव्हीएमई एसएसडी लावू शकतेस. आणि मुख्य म्हणजे डेकला आतल्या डेटाची काही पडलेली नाही. नवीन एसएसडी कोरी असली तरी चालते, रिकव्हरी इमेज (सिस्टीम नव्याने टाकायची फाईल) पेनड्राईव्हवर घ्यायची, व्हॉल्यूम डाऊन दाबून धरून पॉवर द्यायची, पेनड्राईव्हवरून बूट करायचं, सिस्टीम नव्याने पडते. तुझं अकाउंट टाकलं की झालं. स्विचमध्ये पट्टी आहे, पण पट्टीवर जे लिहिलंय ते त्या प्रोसेसरशी बांधलेलं आहे. दिसायला दोन्हीकडं पट्टीच, पण काम पूर्ण वेगळं.

आणि डेकमध्ये ते करण्यात अर्थ पण आहे. तिथं गेम कार्डवर टाकले तरी शेडर कॅश (ग्राफिक्ससाठी तयार करून ठेवलेल्या फाईली) आणि विंडोजचे गेम चालवायला लागणाऱ्या फाईली आतल्या मेमरीतच साठतात, ६४ जीबी बघता बघता भरते, आणि कुठं गेली जागा ते कळत नाही. मला कार्ड टाकून पण रोज जागा कमीचा मेसेज यायचा. एसएसडी टाकल्यावर ते थांबलं.

कोणी डेकवालं वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा. उघडायच्या आधी मायक्रोएसडी कार्ड बाहेर काढा, काढलं नाही आणि कव्हर उचकटलं की कार्डाचे दोन तुकडे होतात, लोकांचे झालेत. बायोसमध्ये (सिस्टीमच्या आधी उघडणारी सेटिंग) बॅटरी स्टोरेज मोड आहे तो लावा, मग उघडा. मागचे ८ स्क्रू दोन लांबीचे आहेत, कुठला कुठला ते कागदावर ठेवा. आत धातूचं शील्ड आहे, त्याचा एक स्क्रू चिकटपट्टीखाली लपलेला असतो. बॅटरीचा कनेक्टर काढा. जुन्या पट्टीवर चंदेरी जाळीचं पाकीट असतं, ते फेकायचं नाही, नव्या एसएसडीवर चढवायचं. आणि २२४२ साईझची एसएसडी ओढूनताणून बसवायचे व्हिडिओ आहेत ते बघू नका, जवळच चार्जिंगची चिप आहे, ती तापते.

कॅम्पातले_काका:

मुलीसाठी स्विच घेतलाय तेव्हापासून कार्डावरच चालवतोय, त्यामुळे कार्डाबद्दल मी सांगतो.

बेटी, "कार्डवर गेम अडकतात" हे सरसकट खरं नाही. स्विचचा कार्ड स्लॉट यूएचएस-वन (कार्डाच्या वेगाचा एक प्रकार) आहे, त्याची वरची मर्यादा १०४ एमबी प्रति सेकंद. निन्टेंडो स्वतः ६० ते ९५ एमबी वाचनाचा वेग असलेलं कार्ड घ्या म्हणते. तेवढ्यात गेम सुरू व्हायला थोडा वेळ जास्त लागेल काही ठिकाणी, खेळताना फरक कळत नाही. ज्यांचे अडकतात त्यांचं कार्ड बहुतेक वेळा खोटं असतं. फुटपाथवर किंवा ऑनलाईन निम्म्या भावात ५१२ जीबीचं कार्ड मिळतं ना, आत खरी मेमरी ३२ ची, फक्त ५१२ दाखवायला शिकवलेलं. ३२ भरेपर्यंत सगळं छान, पुढचं लिहिलेलं मागच्यावर चढतं किंवा हवेत जातं, आणि गेम खराब झाला म्हणून माणूस स्विचला शिव्या देतो.

म्हणून कार्ड कुठूनही घे, स्विचमध्ये टाकायच्या आधी कॉम्प्युटरला लावून एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या प्रोग्रामने तपास. तो कार्ड पूर्ण भरतो आणि पूर्ण परत वाचून बघतो. २५६ जीबीला तासाभराच्या वर लागेल, चहा पिऊन ये. लिनक्स असेल तर एफ३ नावाचा प्रोग्राम. त्यात एक पण चूक निघाली तर कार्ड परत कर, "थोडीशीच चूक आहे" असं काही नसतं.

महागडं घेऊ नको. पाकिटावर दीडशे-दोनशे एमबीचा वेग लिहिलेला असतो तो स्विचला मिळणारच नाही. आणि एक्स्प्रेस लिहिलेलं कार्ड तर मुळीच नको, ते २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ साठी, तिथं तेच लागतं, साधं चालत नाही. दुकानदार स्विच म्हटलं की ते पुढं करतो. आपल्याला साधं मायक्रोएसडीएक्ससी. मुलीच्या स्विचमध्ये मी २५६ टाकलंय, अजून भरलेलं नाही.

आता तुझं बेट. सेव्ह डेटा (गेममध्ये तू जे केलंस त्याची नोंद) कार्डवर जातच नाही, तो कायम आतल्याच मेमरीत राहतो. त्यामुळे कार्ड टाकलं, काढलं, बदललं, बेटाला काही होत नाही. सिस्टीम सेटिंग्समध्ये डेटा मॅनेजमेंटमध्ये गेलीस की आतले गेम कार्डवर हलवायचा पर्याय आहे, २०२० च्या अपडेटपासून. त्याने गेम हलतो, सेव्ह जागेवर. अगदी गेम काढून टाकलास तरी सेव्ह राहतो, सेव्ह काढायची जागा वेगळी आहे आणि तिथं तो परत विचारतो. तिथं मात्र भावाला जाऊ देऊ नको.

चिकोडीचा_ईसी:

काकांनी लिहिलंय त्यात एक भर. ॲनिमल क्रॉसिंगचा सेव्ह नेहमीच्या क्लाऊड बॅकअपमध्ये (कंपनीच्या सर्व्हरवरची कॉपी) येत नाही. त्याची स्वतःची वेगळी सोय आहे, ३० जुलै २०२० च्या अपडेटमध्ये आली. निन्टेंडो स्विच ऑनलाईनची मेंबरशिप पाहिजे, मग गेमच्या पहिल्या स्क्रीनवर वजाचं बटण दाबायचं, टॉम नूक (गेममधलं पात्र) येतो, त्याच्याकडून बेटाचा बॅकअप चालू करायचा. पुढं नेट चालू असलं की तो आपला आपण घेत राहतो. कन्सोल हरवलं किंवा बिघडलं तर तिथून बेट परत मिळवता येतं. ताई, आयसी बदलायची नसली तरी हे आजच कर, कारण २०१७-१८ च्या मशीनमधली ईएमएमसी पण जुनी होत चाललीय.

आणि मला अजून वाटतं की जुन्या लॉटचा असेल तर पूर्ण मेमरीची कॉपी काढून ठेवावी. आयसी कधी मेली तर तीच कॉपी कामाला येणार.

हॉटएअर_टिळकवाडी:

कॉपी असावी हे बरोबर, पण ती बूटरॉमच्या दोषातून काढायला मी यांना सांगणार नाही. पहिल्यांदा करणारा माणूस कुठल्या तरी व्हिडिओत बघून भलतंच काहीतरी चालवतो, तेच अकाउंट लावून ऑनलाईन जातो, आणि बॅन. आता यांचा स्विच ठणठणीत आहे, बेटाचा बॅकअप क्लाऊडवर जाईल, गेम परत उतरवता येतात. तेवढं पुरे. उद्या आयसीची लक्षणं दिसली तर पट्टी काढून ॲडॉप्टरवर लावून तिन्ही भाग तसेच्या तसे वाचता येतात, स्विच चालू पण करावा लागत नाही. एन्क्रिप्टेड कॉपी येते, पण त्याच कन्सोलसाठी तेवढी बास आहे.

चिकोडीचा_ईसी:

हां, पट्टी काढून वाचायचा मुद्दा पटला. ३२ च्या जागी ३२ चीच नवी टाकायची असेल तर कीजची गरजच नाही, पार्टिशन वाढवायचं नसतं ना.

हॉटएअर_टिळकवाडी:

बरोबर. किंवा ६४ ची मिळाली तर ६४, दिसेल ३२ च. आयसी तशी असते तेव्हा जागेचा विचार करायचा नसतो, मशीन वाचवायची असते.

खानापूरकरीण:

टॉम नूकचं काम झालं. मेंबरशिप मावसभावाने घेऊन दिली, अकाउंट तिकडचंच आहे. बॅकअप चालू झाल्याचं दाखवलं तेव्हा कुठं बरं वाटलं. आजीचं घर बघून आले, सगळं जागेवर आहे, अंगणात गवत मात्र खूप वाढलंय.

२५६ चं कार्ड मागवलंय, साधं यूएचएस-वन. आल्यावर भावाच्या लॅपटॉपवर तपासून मगच टाकणार. त्याला सगळा धागा वाचायला दिला, डेक आणि स्विचमधला फरक वाचून गप्प झालाय, आता डेक पाहिजे म्हणायलाय. कार्ड टाकताना काही काळजी घ्यायची का?

कॅम्पातले_काका:

स्विच पूर्ण बंद करून टाक. पॉवर बटण नुसतं दाबलं की तो झोपतो, बंद होत नाही. तीन सेकंद दाबून धर, मेनू येतो, त्यात टर्न ऑफ. मागचा स्टँड उचलला की खाली स्लॉट आहे, आवाज येईपर्यंत आत ढकल. पहिल्यांदा अपडेट मागेल, तेव्हा नेट चांगलं असेल अशा वेळी बस. आणि नंतर मोठं कार्ड घ्यायचं झालं तर त्यातला निन्टेंडो नावाचा फोल्डर कॉम्प्युटरवरून नव्या कार्डात कॉपी केला की झालं, त्याच स्विचमध्ये चालतं. दुसऱ्याच्या स्विचमध्ये ते कार्ड चालणार नाही.

चिकोडीचा_ईसी:

टिळकवाडीवाले दादा, एक विचारू का, परीक्षा झाल्यावर तुमच्याकडं रीबॉलिंग बघायला आलो तर चालेल का? कॉलेजात बीजीए फक्त पुस्तकात शिकवलंय.

हॉटएअर_टिळकवाडी:

ये की. निरोप कर, पत्ता देतो. डेड फोनचे बोर्ड जेवढे मिळतील तेवढे घेऊन ये, चिकोडीत कुठल्याही मोबाईल दुकानात डबाभर पडलेले असतात. पहिल्या दिवशी बसवायचं नाही, नुसतं काढायचं. पॅड न उपटता आयसी निघायला लागली की मग स्टेन्सिल (गोळे बसवायचा भोकांचा पत्रा) हातात देतो.